दीर्घ विज्ञानकथामालिकेतील उत्तरभाग : ‘फाउंडेशन्स एज’च्या संदर्भात

दीर्घ अंतराळकथामालिकेतील उत्तरभागाचे मूल्यमापन बहुधा पूर्वभागांशी तुलना करूनच केले जाते. ही तुलना अपरिहार्य असली तरी पुरेशी नाही. पूर्वभागांच्या गृहीतकांचे उत्तरभाग काय करतो, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न होय. आयझॅक असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन्स एज’ (१९८२) ही कादंबरी या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१९४२ पासून मासिकातून प्रसिद्ध झालेल्या कथांमधून ही मालिका आकारास आली आणि १९५१ ते १९५३ या काळात तिचे तीन ग्रंथ निघाले. आकाशगंगेतील साम्राज्याच्या पतनानंतरचे ३०,००० वर्षांचे अंधारयुग १,००० वर्षांवर आणण्याची हॅरी सेल्डनची योजना हा त्यांचा कणा होय. चौथा भाग २९ वर्षांनी आला. त्यात योजनेची जवळजवळ ५०० वर्षे उलटली आहेत. मध्यंतरी एवढा विक्षेप होऊनही सारे तंतोतंत कसे घडते, असा संशय गोलन ट्रेव्हिझ या नायकास येतो. पूर्वी जी अचूकता वाचकाच्या समाधानाचे कारण होती, तीच येथे शंकेचे कारण ठरते. त्यामुळे पूर्वीचे तिन्ही ग्रंथ पुन्हा वाचणे भाग पडते. हे या कादंबरीचे खरे सामर्थ्य होय.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. कथानक संवादांवर अतोनात विसंबते. अखेरीस नायक जो निर्णय घेतो, त्याचे समर्थन ‘फाउंडेशन अँड अर्थ’ (१९८६) या पुढील भागावर सोपविले जाते. त्यानंतरचे दोन्ही ग्रंथ सेल्डनच्या काळाकडे मागे वळतात. परिणामी योजनेची उरलेली ५०० वर्षे असिमोव्ह यांच्याकडून लिहिली गेली नाहीत. संशयाने मालिका समृद्ध झाली, पण तिचे मूळ आश्वासन अपुरे राहिले.

या पार्श्वभूमीवर कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकर यांची भूमिका वेगळी दिसते. त्यांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिकप्राप्त ठरली. स्पर्धेतील कथेला स्वयंपूर्ण असावेच लागते. मासिकातील कथेला मात्र पुढच्या अंकाची वाट मोकळी असते. नारळीकरांच्या कादंबऱ्यांतही हीच स्वयंपूर्णता आढळते. ‘वामन परत न आला’ हे शीर्षक तर पुनरागमनाचा दरवाजाच बंद करते. त्याच कादंबरीच्या इंग्रजी अवताराचे नाव मात्र ‘द रिटर्न ऑफ वामन’ असे आहे, हा योगायोग मार्मिक म्हणावा लागेल.

मराठी विज्ञानसाहित्यात मालिका रुजली नाही, ही केवळ उणीव मानता येत नाही. मात्र आपल्याच गृहीतकांची पिढीनंतर उलटतपासणी करण्याची जी संधी मालिका लेखकास देते, ती मराठीत क्वचितच घेतली गेली. उत्तरभागाची कसोटी हीच : तो कथा केवळ लांबवितो, की आधीच्या कथेला नव्याने प्रश्न विचारतो?