अर्थिंगचे गणित पाठ्यपुस्तक का मांडत नाही?

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात घरातील वीजजोडणीवर एक छोटा भाग आहे. फेज, न्यूट्रल व अर्थ या तीन तारा, फ्यूज, शॉर्टसर्किट, अतिभार यांची माहिती त्यात नेटकी दिली आहे. अर्थच्या तारेविषयी पुस्तक सांगते, की ती कमी रोधाचा मार्ग पुरवते व उपकरणाच्या धातूच्या अंगाचे विभव जमिनीइतकेच राखते. पण 'कमी' म्हणजे किती? त्याच्या आधीच्याच प्रकरणात ओहमचा नियम शिकवूनही पुस्तक हा प्रश्न विचारत नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे.

विदर्भात हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. भंडाऱ्याजवळचे शहापूर घ्या किंवा दुसरे कोणतेही गाव. उन्हाळ्यात घरोघरी पत्र्याचा कुलर, त्यात पाण्याचा पंप आणि भोवती ओली जमीन असते. कुलरचा शॉक बसून माणसे दगावल्याच्या बातम्या येतातच.

आता गणित मांडू. समजा, फेजची तार पत्र्याला टेकली. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध १० ओहम व ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा ५ ओहम धरला, तर २३० व्होल्टला धारा होते सुमारे १५ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडत नाही. पत्र्याचे विभव मात्र सुमारे १५० व्होल्ट राहते, जमिनीइतके नव्हे! खड्डा वाळून त्याचा रोध ५० ओहम झाला, तर धारा जेमतेम ४ अँपिअर. ६ अँपिअरचा एमसीबीही स्वस्थ बसतो आणि पत्र्यावर २०९ व्होल्ट उभे राहतात. ज्या महिन्यांत कुलर चालतो, त्याच महिन्यांत जमीन कोरडी असते, हे विसरू नये.

उपाय आहे. फेजमधून गेलेली व न्यूट्रलमधून परतलेली धारा यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडण्याच्या आतच पुरवठा तोडणारे उपकरण मिळते. बाजारात त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. अर्थिंग व हे उपकरण अशी जोडी हवी. पुस्तकात फ्यूज आहे, पण याचा उल्लेख नाही.

दोष ओळखण्याच्या रूढ पद्धतीही तपासून पाहाव्यात. फेज व अर्थच्या पिनमध्ये १०० वॅटचा दिवा लावून 'अर्थिंग ठीक' म्हणण्याची रीत आहे. हा दिवा अर्ध्या अँपिअरहून कमी धारा घेतो, त्यामुळे ५० ओहमच्या खड्ड्यावरही तो डोळ्यांना चांगलाच पेटलेला दिसतो. त्याहून घातक म्हणजे सॉकेटमध्ये न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनला जोडणे. तेव्हा दिवा सर्वांत लख्ख पेटतो! पण पुढे न्यूट्रल तुटला, की मोटारीतून आलेला फेज सरळ पत्र्यावर येतो. कुलर बंद पडतो आणि पत्रा शॉक देऊ लागतो. ईएलसीबीचे 'टेस्ट' बटण दाबून तो पडला, तर केवळ ते उपकरण चालते एवढेच कळते. अर्थच्या तारेची परीक्षा त्यातून होत नाही.

शिक्षकांनी मुलांना सॉकेट उघडू देऊ नये. खड्ड्याचा रोध परवानाधारक वायरमनने अर्थ टेस्टरने मोजावा. मुलांनी घरी बाहेरूनच पाहावे: कुलरचा प्लग तीन पिनांचा आहे का, तीन पिनांच्या प्लगला दोनच तारांची वायर तर जोडलेली नाही ना, मीटरजवळ ईएलसीबी आहे का, खड्ड्याकडे जाणारी तार गंजून तुटलेली तर नाही. मग फळ्यावर वरचे गणित निरनिराळे रोध घेऊन सोडवावे. ओहमचा नियम परीक्षेत एका गुणाचा असेल. घरात त्याची किंमत फार मोठी आहे. पुढच्या आवृत्तीत हे एक उदाहरण आले, तरी आमची तक्रार उरणार नाही.