‘जमान-ए-दरक’ : विक्रेत्याची हमी आणि न लिहिलेला दंड

इजिप्तचे हनफी फकीह इमाम अबू जाफर तहावी (मृ. हि. ३२१, इ.स. ९३३) यांच्या ‘किताबुश्शुरूत अल-कबीर’मधील खरेदी-विक्रीचे प्रकरण जनेट वेकिन यांनी १९७२ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले. हे प्रकरण केवळ दस्तांच्या नमुन्यांचा संग्रह म्हणून वाचले, तर त्याचा निम्मा अर्थ हातून निसटतो. फुकहांच्या मतभेदांतून वाट काढणारे हे लेखन आहे, आणि ‘जमान-ए-दरक’चे कलम त्याचा उत्तम दाखला होय.

विकलेल्या जमिनीवर तिऱ्हाइताने हक्क शाबीत केला, तर विक्रेत्याने काय द्यावयाचे? इमाम अबू हनीफा यांच्या मते, घेतलेली किंमत. ‘खलास’ची, म्हणजे तीच जमीन सोडवून देण्याची, हमी त्यांनी बातिल ठरविली; जे दुसऱ्याचे ठरले ते देणे विक्रेत्याच्या हाती नसते. अबू यूसुफ व इमाम मुहम्मद यांनी मात्र खलासचा अर्थ दरक असाच लावून ती मान्य केली. खरेदीदाराने दरम्यान घर बांधले असल्यास गुंता वाढतो. हनफी मताने बांधकामाची किंमतही विक्रेत्याकडून वसूल होते. पण सगळेच काजी हनफी नसत. म्हणून तहावी रकमेचा आकडा घालीत नाहीत. या विक्रीमुळे विक्रेत्यावर जे वाजिब होईल ते त्याने द्यावे, एवढाच मोघम आशय ते ठेवतात.

त्याच इजिप्तमध्ये आठव्या शतकातील जेमे गावचे कॉप्टिक दस्त करार मोडणाऱ्यास सोन्याच्या नाण्यांचा दंड लावीत. इटलीतील लोंबार्ड दस्तांत दुप्पट भरपाई आढळते. हनफी दस्तात असे कलम नाही, हा ढिलेपणा नव्हे. मोबदल्याविना मिळणारी रक्कम रिबाच्या जवळ जाते आणि एका पक्षाच्या लाभाची जादा अट विक्रीच फासिद करते.

तहावींची सावधगिरी दस्त वाचविते, हे खरे. खरेदीदाराला ती कितपत वाचविते? आपल्याला नेमके काय मिळेल हे त्याला कागदावरून कळत नाही. ते काजीच्या मजहबावर ठरते. त्यात दस्त हा स्वतः पुरावा नव्हे, पुरावा साक्षीदारांच्या तोंडचा. या बाबतीत कॉप्टिक शेतकरी, दंडाचा आकडा हाती असल्याने, अधिक निश्चिंत असावा.

जुन्या मराठी खरेदीखतांत, कोणी हरकत केल्यास तिचे निवारण आम्ही करू, अशा अर्थाचे कलम येते. वर्गात ते दरकचेच रूप म्हणून सांगण्याचा मोह होईल. परंतु निवारणाचे वचन अबू हनीफांनी नाकारलेल्या ‘खलास’ला अधिक जवळचे आहे.