जात्यापासून तुटलेली ओवी

लोकगीतांच्या संग्रहांवर आपल्याकडे टीका होत नाही, कौतुक होते. संग्राहकाने खेडोपाडी वणवण करावी, बायाबापड्यांच्या ओठांवरचे धन कागदावर आणावे, आणि आपण त्यात खोड काढावी, हे कृतघ्नपणाचे वाटते. तरीही एक खोड मला काढायचीच आहे. ती संग्राहकाच्या कष्टांविषयी नाही, त्याच्या अनुक्रमणिकेविषयी आहे.

साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ उघडून पाहा. गुरुजींइतक्या जिव्हाळ्याने ओवीकडे दुसऱ्या कोणी क्वचितच पाहिले असेल. पण त्यांनीही ओव्या लावल्या त्या विषयवारीने. आईच्या एकीकडे, भावाच्या दुसरीकडे, देवांच्या आणखी तिसरीकडे. वाचकाची सोय झाली. म्हणणारीचे काय झाले?

आमच्या आष्टीत, म्हणजे परतूर तालुक्यातल्या आष्टीत, माझ्या चुलतीला मी एकदा भावाच्या ओव्या सांगायला बसवले. (हा तालुका १९८१ पर्यंत परभणीत होता, मग जालन्यात आला. ओवीला या फेरफाराचे सोयरसुतक नाही. तिच्या भूगोलात माहेर आणि सासर हे दोनच जिल्हे.) चुलतीने चार ओव्या सांगितल्या आणि “आता न्हाई आठवत, बाबा” म्हणून थांबली. पुढे घरच्या लग्नात हळद दळायला जाते मांडले. समोर शेजारीण बसली, खुंट्याला दोघींचे हात लागले, आणि मग चुलती थांबेना. पहिली ओवी जात्याला, मग देवाला, मग आईला. तिथून सीतेला, सीतेवरून स्वतःच्या सासूला, सासूवरून थेट पंढरीला. हा क्रम तिने कुठे पाठ केलेला नव्हता. एक ओवी दुसरीला हाक मारीत होती.

माझे म्हणणे एवढेच, की कविता या हाकेत आहे. सीतेला वनवास घडला ही काही बातमी नव्हे. पण पहाटे दळताना पलीकडच्या खोलीत सासू जागी असते. जे तिला तोंडावर सांगता येत नाही, ते सीतेच्या नावावर सांगून घेता येते. संग्रहात सीता जाते ‘पौराणिक’ प्रकरणात आणि सासू ‘कौटुंबिक’ प्रकरणात. दोघींच्या मध्ये पन्नास पाने येतात. ओवी शब्दशः शाबूत राहते आणि तिच्यातला डाव नाहीसा होतो.

याच्या उलट कसे करता येते, याचा एक दाखला दूरचा आहे. युक्रेनमधल्या कार्पेथियन डोंगरांत हुत्सुल लोकांचे क्रिव्होरिव्न्या नावाचे लहानसे गाव आहे. मिखाइलो कोत्सुबिन्स्की हा बाहेरचा लेखक तिथे जाऊन राहिला आणि १९११ मध्ये त्याने ‘विसरलेल्या पूर्वजांच्या छाया’ ही लघुकादंबरी लिहिली. हुत्सुलांच्या चालीरीतींचे व्होलोदिमिर शुखेविचने केलेले पाच खंड त्याच्या हाताशी होते. पण कादंबरीचा शेवट पाहा. घरात प्रेत आहे, विलाप चालला आहे, आणि त्याच खोलीत हळूहळू खेळ, थट्टा, चुंबने सुरू होतात. संग्रहात विलापगीते एका प्रकरणात असती आणि खेळ दुसऱ्यात. कोत्सुबिन्स्कीने ती एका छपराखाली ठेवली, म्हणून अंगावर काटा येतो. १९६४ मध्ये पाराजानोवने यावर चित्रपट काढला, तेव्हा त्यानेही हुत्सुल बोली तशीच राखली. तिच्यावर रशियन आवाज चढवू दिला नाही.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ पोहोचले ते गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, आणि मोठी गोष्ट अशी की ओवीशेजारी म्हणणारीचे नाव आणि गाव लिहिले. पुष्कळशा ओव्यांचा आवाजही राखला. आमच्यापासून गोदावरीपलीकडे असलेल्या माजलगावात १९९६ साली त्यांनी दलित स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. ओवी म्हणजे जुन्या काळाचे वाळवण, असे समजणाऱ्यांना हे चांगले उत्तर आहे. मात्र वर्गवारीचा मोह इथेही सुटलेला नाही. तिच्या शाखा-उपशाखा पाहून माझ्यासारख्याची छाती दडपते.

चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. त्या राजालाही ओवी कामासकटच दिसली. आता गिरणीने ते काम नेले, आणि त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. ज्यांनी पहाटे तीनला उठून पायलीभर ज्वारी दळली आहे, त्या बायांना जाऊन विचारा. जाते परत यावे असे मी म्हणत नाही. पण जात्यावर हात बसलेल्या बाया अजून आहेत, आणि त्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. तेव्हा पुढच्या संग्राहकाने विषयांची यादी घरी ठेवून यावे. एका बाईची, एका बैठकीतली, सूप रिकामे होईपर्यंतची सगळी ओवी सलग छापावी. तिच्यात पुनरुक्ती येईल, मध्येच लेकराला हाक येईल, अर्धी सुटलेली ओळ येईल. ती गाळू नये.