गोड आवाज आणि कामाचा आवाज

समोर बोलणारा एकच असला तरी बोलणं आमचं सगळ्यांचं आहे. पालघर-बोईसर पट्ट्यात नोकरी करणारे, शिकणारे, स्क्रीन रीडरवर संगणक चालवणारे असे आम्ही काही जण आहोत. म्हणून आज 'मी'ऐवजी 'आम्ही' म्हणतोय, तेवढं चालवून घ्या.

स्क्रीन रीडर म्हणजे काय, हे थोडक्यात. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते हा प्रोग्रॅम आवाजात वाचून दाखवतो, आणि माऊसचं सगळं काम कीबोर्डवरून होतं. जॉज नावाचा एक आहे, तो विकत घ्यावा लागतो. १९८९ साली तो डॉससाठी आला आणि १९९५ साली विंडोजसाठी. एनव्हीडीए हा दुसरा, तो फुकट मिळतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र सोबतीला आला. विंडोजमध्ये नॅरेटर मुळातच असतो. आमच्यातले बहुतेक जण एनव्हीडीएवाले.

आता मुद्द्यावर येऊ. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला दिला जाणारा नेहमीचा आधार थांबवला. त्याच्या आगेमागे पुष्कळ ऑफिसांनी जुनी यंत्रं काढून नवी बसवली. आमचा एक मित्र अशाच एका ऑफिसात पत्रव्यवहार आणि आवक-जावक सांभाळतो. ऑफिसचं नाव सांगत नाही, त्याचंही नाही. दहा वर्षं एकच टेबल, एकच कीबोर्ड. एका सोमवारी तो कामावर गेला तर डेस्कटॉप गायब, जागेवर नवा कोरा लॅपटॉप. संगणक बसवणारा मुलगा भला होता, त्याने एनव्हीडीए आठवणीने टाकून ठेवलं होतं. 'सर, सगळं तसंच आहे,' म्हणाला. दिसायला असेलही तसंच.

मित्राने वाचायला सुरुवात करायची कळ दाबली. जुन्या कीबोर्डवर उजव्या हाताला नंबर पॅड होता. त्यावरचा आठ दाबला की चालू ओळ, पाच दाबला की चालू शब्द, दोन दाबला की एकेक अक्षर. दहा वर्षं उजव्या हाताची तीन बोटं त्या तीन कळांवर बसून होती. लॅपटॉपला नंबर पॅडच नाही. इन्सर्टची कळ आहे, पण ती दुसऱ्या एका कळेच्या आड दडलेली. लॅपटॉपसाठी एनव्हीडीएची वेगळी मांडणी असते, त्यात सलग वाचायला इन्सर्टबरोबर ए दाबायचा. ती सेटिंगमध्ये जाऊन निवडावी लागते. पण सेटिंगमध्ये जाईपर्यंत काय वाचायचं आणि कशाने?

आणि आवाज! विंडोज १० किंवा ११वर एनव्हीडीए नव्याने टाकलं, की ते विंडोजचेच आवाज घेऊन बोलू लागतं. मित्राचा जुना आवाज ईस्पीकचा. नवा आवाज मात्र इंग्रजी, शहरी, आदबशीर, आणि मराठी मजकूर आला की गप्प. ओळच्या ओळ गप्प. त्या मुलाने मग हिंदी आवाज टाकून दिला. तो मराठी वाचू लागला, पण कसं वाचू लागला ते पुढे सांगतो.

इथे आम्हाला थोडं थांबायचंय, कारण आमची खरी तक्रार या आवाजाबद्दलच आहे. नव्या आवाजांचं कौतुक सगळीकडे एकाच शब्दात होतं: किती माणसासारखा वाटतो! आम्हाला ही कसोटीच चुकीची वाटते. ईस्पीकचा आवाज माणसासारखा नाही, हे कबूल. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं पत्र्याच्या डब्यात कुणीतरी भांडतंय. तो कुणाच्या रेकॉर्ड केलेल्या बोलण्यातून बनलेला नाही. स्वरांचे आणि बऱ्याच व्यंजनांचे ध्वनी हिशेबाने तयार केलेले आहेत. त्यामुळे तो जागा अगदी कमी घेतो, कळ दाबताच उत्तर देतो, आणि महत्त्वाचं म्हणजे वेग कितीही वाढवला तरी फाटत नाही. सरावलेला माणूस मिनिटाला ३००-४०० शब्द सहज ऐकतो. तुम्ही शेजारी बसलात तर एक शब्द कळणार नाही. गोड आवाजाला त्या वेगात ढकललं की शब्दांची टोकं एकमेकांत विरघळतात. कळ दाबल्यावर तो क्षणभर श्वास घेतल्यासारखा थांबतो, आणि दिवसात दोन-तीन हजार वेळा कळ दाबणाऱ्याला तो क्षण किती महाग पडतो!

गोड आवाज वाईट म्हणत नाही आम्ही. कादंबरी ऐकायला रात्री आम्हीही तोच लावतो. पण पत्रं तपासणं, आकडे पडताळणं, दोन ओळींतला फरक शोधणं हे वाचन नव्हे, ती नजर फिरवणं आहे. तुम्ही पानावरून नजर फिरवता तेव्हा तुमचे डोळे काही शब्द गोडव्याने उच्चारत नाहीत. आमचा तो पत्र्याचा आवाज म्हणजे आमची नजर आहे. ती काढून घेऊन बदल्यात गायक दिला, तर धन्यवाद म्हणायचं की काय?

आता हिंदी आवाजाचं मराठी. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत त्याची खूण नाही. 'चार' आणि 'चाक' यांतला च एक नाही. 'जरा थांब' मधला जरा वेगळा आणि म्हातारपण या अर्थाची जरा वेगळी. 'माझा' आणि 'माझी' यांत लिहायला एकच झ, बोलायला दोन. हिंदी आवाज सगळ्यांना एकाच मापाने हाकतो. २५ आले की 'पच्चीस' म्हणतो. 'केलं', 'झालं', 'आलं' यांच्यावरचा अनुस्वार आपल्याकडे नाकात नसतोच, तिथे अकार लांबवायचा असतो. हा मात्र प्रत्येक वेळी नाकातून हेल काढतो. म्हणजे यंत्राला 'केले', 'झाले' असं छापील मराठीच झेपतं. (आमचं हे भाषण उद्या लिहून काढलं की त्यातल्या प्रत्येक 'झालं'वर आमचाच एखादा अंध श्रोता कपाळाला हात लावणार आहे, त्याची आत्ताच माफी मागतो.)

शिवाय मराठी मजकूरच धड नसतो, हे पाप यंत्राचं नाही. जुन्या फायली कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टांत टाइप केलेल्या. पडद्यावर छान मराठी दिसतं, पण पोटात इंग्रजी अक्षरं असतात. स्क्रीन रीडर पोट वाचतो, त्यामुळे अर्थहीन अक्षरांचा पाऊस पडतो. युनिकोड आल्यावरही भानगड संपली नाही. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला तो अर्धा र दोन निरनिराळ्या पद्धतींनी टाइप करता येतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र चढवून काम भागवत, आणि अजूनही कितीतरी जण तसंच करतात. डोळ्याला दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. एक शोधायला सांगितलं तर दुसरं सापडत नाही, एक बरोबर वाचलं जातं तर दुसऱ्यावर आवाज अडखळतो.

यावर आमच्या मित्राने स्वतःपुरता उपाय केला होता. एनव्हीडीएमध्ये उच्चारांचा कोश ठेवायची सोय आहे. अमुक शब्द आला तर तमुक असा वाच, असं एकेक नोंदवून ठेवायचं. दहा वर्षांत त्याने त्यात काय काय घातलं होतं! पार्ट्यांची नावं, रसायनांची नावं, गावांची नावं, साहेबांच्या आडनावांचे उच्चार, ऑफिसातले शॉर्टफॉर्म. ते सगळं एका छोट्या फोल्डरात असतं, पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल एवढं. ऑफिसने वर्डच्या फायली नव्या यंत्रात आणल्या, एक्सेल आणलं, फोटोसुद्धा आणले. ते फोल्डर राहिलं. मित्राच्या लक्षात येईपर्यंत जुनं यंत्र भंगारात गेलं होतं. कुणी मुद्दाम केलं नाही. तिथे काही आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आपण तारापूर एमआयडीसीच्या कुशीत राहतो. कारखान्यात कंट्रोल पॅनेल बदलायचं असेल तर काय करतात, ते इथल्या कुणालाही विचारा. ऑपरेटरला आधी सांगतात, शिकवतात, काही दिवस जुनं-नवं शेजारी-शेजारी चालवतात, शिफ्ट सोडणारा येणाऱ्याला लॉगबुक दाखवून जातो. सोमवारी सकाळी अचानक नवं पॅनेल आणि 'सगळं तसंच आहे', असं कुणी म्हणत नाही, कारण तिथे चूक झाली तर ती सायरनने ऐकू येते. आमची चूक ऐकू येत नाही. फक्त काम हळू होतं, आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, याला आता जमत नाही वाटतं.

हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. ऑफिस २००७मध्ये मेन्यू जाऊन रिबन आली, तेव्हा ज्यांनी मेन्यूचा क्रम पाठ केला होता त्यांची पार वाट लागली. २०२१ साली विंडोज ११ आलं, त्यात फाइलवरचा मेन्यू आखूड झाला; कॉपी, डिलीट, नाव बदलणं यांची वरती एका ओळीत चित्रं झाली आणि उरलेलं 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे गेलं. डोळस माणसाला ते नीटनेटकं वाटलं असेल. आमच्या वाट्याला एक जास्तीचा दरवाजा आला.

आणि फक्त मोठ्या कंपन्यांना बोलून चालणार नाही. आमच्या लाडक्या एनव्हीडीएने २०१९.३ या आवृत्तीत पायथन २ सोडून पायथन ३ घेतलं, तेव्हा कितीतरी जोडप्रोग्रॅम एका रात्रीत बंद पडले. २०२४.१पासून विंडोज ७ आणि ८ सोडलं, मग जुनं यंत्र असलेला गरीब विद्यार्थी मागच्याच आवृत्तीवर अडकला. फरक एवढाच, की काय बदललं याची यादी ते लोक आधी उघडपणे मांडतात, आणि तक्रार केली तर ती वाचणारा बहुधा स्वतः स्क्रीन रीडर वापरणारा असतो. हा फरक लहान नाही.

थोडं आमच्याबद्दलही बोलू. आम्हाला शिकवलं जातं ते पोथीसारखं. 'खालचा बाण पाच वेळा, मग एंटर.' का पाच वेळा, ते नाही. मेन्यूत एक ओळ वाढली की सहा वेळा हवं, आणि पाठांतर करणारा पाचव्यावर एंटर मारून भलतंच उघडतो. पानावर शीर्षक कुठे, तक्ता कुठे, बटन कुठे हे शोधायच्या कळा आहेत. वेब पानावर एच दाबला की पुढचं शीर्षक, टी दाबला की पुढचा तक्ता. ज्याला रचना शोधायची सवय आहे तो नव्या यंत्रात आठवड्यात रुळतो. ज्याला पायऱ्या मोजायची सवय आहे तो जिना बदलला की पडतो. आमच्यातले बरेच जण पायऱ्या मोजणारे आहेत. मित्रही थोडा तसाच, हे तो स्वतः कबूल करतो.

पण म्हणून दोष त्याच्यावर ढकलता येत नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा नोकरीत वाजवी सोय करून द्यायला सांगतो. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात स्पष्ट केलं, की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशी म्हणून ठेवून भागणार नाही, काही किमान नियम बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ला त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. निकाल मोठे आहेत. आमच्या मित्राला हवी असलेली वाजवी सोय म्हणजे नंबर पॅडवाला एक साधा यूएसबी कीबोर्ड, ईस्पीकचा आवाज आणि एका फोल्डरची कॉपी. पहिल्या दोन गोष्टी आमच्यातल्याच एकाने त्याला रविवारी बसून करून दिल्या. कीबोर्ड बोईसर स्टेशनजवळच्या दुकानातून आणला.

तिसरी आता होणं नाही. कोश तो पुन्हा पहिल्यापासून भरतोय. रोज जो शब्द चुकीचा ऐकू येईल तो नोंदवायचा, बस्स. आता फोल्डरची एक प्रत घरी असते, एक आमच्यापैकी दोघांकडे. वेग जवळजवळ पूर्वीचा आलाय. पहिल्या तीन आठवड्यांत त्याच्या टेबलावरून ज्या फायली 'तात्पुरत्या' उचलल्या होत्या, त्या मात्र अजून शेजारच्या टेबलावरच आहेत. त्याने दोनदा मागितल्या. साहेब म्हणाले, बघू.

आमचं बोलणं एवढंच. आता हा लॅपटॉप जरा स्पीकरला जोडतो. आधी एक परिच्छेद गोड आवाजात ऐका, मग तोच आमच्या आवाजात, आमच्या वेगाने. मग प्रश्न घेऊ.