भरपाईचे आकडे आणि आकड्यांबाहेरची माणसं

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने रिसर्च प्रपोजलचा कच्चा मसुदा वाचायला दिला. विषय चांगला होता: विद्यापीठांत काम करताना होणाऱ्या दुखापती. पद्धत मात्र एका परिच्छेदात उरकलेली. नुकसानभरपाईचे दावे गोळा करायचे, विभागवार मांडायचे आणि जिथे दावे जास्त तो विभाग जास्त धोकादायक म्हणायचं. वाचताना खटकत नाही, आणि अडचण तिथेच आहे. तुम्हीही असंच काही लिहायच्या बेतात असाल तर जरा थांबा.

दावा म्हणजे दुखापत नव्हे. दुखापत झालेला माणूस त्या कायद्याच्या व्याख्येत 'कर्मचारी' असेल, कुणी तरी नोंद केली असेल आणि त्याला मागायची हिंमत झाली असेल, तरच दावा तयार होतो. यातली पहिली चाळणी आपण सगळ्यात कमी बघतो.

शेरी संगजीचं प्रकरण तुम्ही लॅब सेफ्टीच्या तासाला ऐकलं असेल. 29 डिसेंबर 2008, लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. हवेचा संपर्क होताच पेट घेणारं टर्ट-ब्युटिललिथियम ती प्लॅस्टिकच्या सिरिंजने ओढून घेत होती. दट्ट्या निसटला, आग लागली. अंगात लॅब कोट नव्हता, स्वेटर होता. 16 जानेवारी 2009 ला ती गेली, वय 23. तासाला ही गोष्ट इथेच संपते आणि तात्पर्य निघतं: कोट घाला. तात्पर्य खरंच आहे, पण संशोधक म्हणून तुम्ही पुढची पानं वाचायला हवीत.

शेरी विद्यार्थिनी नव्हती. ती पगारी रिसर्च असोसिएट होती, कामाला लागून तीनेक महिने झालेले. म्हणूनच कॅलिफोर्नियाची कामगार सुरक्षा यंत्रणा आत येऊ शकली, विद्यापीठाला 31,875 डॉलर दंड झाला आणि 2011 च्या अखेरीस कामगार कायद्याखाली फौजदारी खटलाही दाखल झाला. त्याच टेबलापाशी, त्याच सिरिंजने तेच काम कुणी फक्त विद्यार्थी म्हणून करत असता, तर कामगार कायद्याचा हा दरवाजा उघडलाच नसता. आग तीच, भाजणं तेच. फरक नेमणूकपत्राचा.

आणि कर्मचारी असणं म्हणजे सगळं पदरात पडणं, असंही नाही. अमेरिकेतली भरपाई व्यवस्था एका सौद्यावर उभी आहे: मालकाची चूक सिद्ध न करता कामगाराला पैसे मिळतात, त्या बदल्यात मालकावर दिवाणी दावा करायचा हक्क बहुतांशी जातो. मृत्यूनंतरची भरपाई प्रामुख्याने अवलंबितांसाठी असते. तेवीस वर्षांच्या अविवाहित मुलीवर अवलंबून असणार कोण? तेव्हा भरपाईची रक्कम छोटी दिसली म्हणून अपघात छोटा होता, असा निष्कर्ष काढलात तर काय होईल ते बघा.

आता आपल्याकडे या. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 चा, पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. यात मात्र दुखापत झालेल्याला निवड होती: भरपाई घ्या किंवा दिवाणी कोर्टात जा, दोन्ही नाही. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के गुणिले वयाचा गुणक. हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी 2020 पासून 15,000 रुपये. म्हणजे पंचविशीतल्या माणसासाठी 7,500 गुणिले 216.91, साधारण सव्वासोळा लाख. पगार साठ हजार असला तरी एवढेच. रकमेला वर झाकण घातलेलं असताना रकमांची तुलना करून तुम्ही नक्की काय मोजणार?

आणि तुम्ही स्वतः? जेआरएफ 37,000 रुपये आहे, म्हणजे विभागातल्या कित्येक कंत्राटी लोकांपेक्षा जास्त. पण ती फेलोशिप आहे, वेतन नव्हे, आणि ही नेमणूक नोकरी नाही असं तिच्या अटींत सहसा लिहिलेलं असतं. आम्ही सगळ्यांनी न वाचता सही केली होती. (मी तर पेन उसनं घेऊन.)

इथे एक घोटाळा हमखास होतो. 'विद्यापीठ हा उद्योग आहे, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय' असं प्रपोजलमध्ये टाकून लोक मोकळे होतात. 1963 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांच्या खटल्यात कोर्टाने उलटं म्हटलं होतं. 1978 च्या बंगलोर पाणीपुरवठा निकालात ते फिरलं. पण 1988 मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात कोर्टाने सांगितलं की संस्था उद्योग असली तरी शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याखाली 'कामगार' नाही. शिवाय हे तिन्ही निकाल औद्योगिक विवाद कायद्याचे, भरपाईच्या कायद्याचे नव्हेत. एका कायद्यातला कामगार दुसऱ्या कायद्यात नेता येत नाही. व्याख्या त्या त्या कायद्यात जाऊन वाचावी लागते, दुसरा इलाज नाही.

मग आकडे कुठून आणायचे? सोपं उत्तर नाही. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने टेक्सास टेक विद्यापीठातल्या 2010 च्या स्फोटाचा अहवाल काढला. एका पीएचडी विद्यार्थ्याची तीन बोटं गेली होती. 100 मिलिग्रॅमची मर्यादा असलेलं संयुग तिथे सुमारे 10 ग्रॅम बनवलं होतं. मला त्या अहवालातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते ती ही, की त्याच गटात आधी घडलेले छोटे प्रकार त्यांनी शोधून काढले. ज्यांचा कधी दावा होणार नव्हता असे प्रकार. स्फोटाची गोष्ट खरी तिथून सुरू होते, आणि दाव्यांच्या तक्त्यात ती कधीच दिसली नसती.

आमच्या विभागात एक अपघात रजिस्टर आहे. मी उघडून पाहिलं, गेल्या चार वर्षांत एकही नोंद नाही. त्याच चार वर्षांत आमच्या लॅब अटेंडंट काकांच्या तळहाताला फुटक्या बीकरने सात टाके पडले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ते एजन्सीमार्फत लागलेले. विचारलं तर म्हणाले, "लिहून काय करू बाळा, उद्या एजन्सीवाला दुसरा माणूस पाठवेल." ज्युनिअरच्या पद्धतीने मोजलं तर आमचा विभाग विद्यापीठात सगळ्यात सुरक्षित ठरतो.

मसुदा मी त्याला परत दिलाय. विषय बदलू नकोस, म्हटलं. दावे ठेव, पण त्यांना 'दुखापती' म्हणू नकोस, 'मान्य झालेल्या दुखापती' म्हण. आणि शेजारी दुसरा रकाना काढ: त्या प्रयोगशाळेत हात घालणारे एकूण किती, त्यातले दावा करू शकणारे किती. पहिल्या आठवड्यात त्याने स्वतःच्याच विभागाची यादी केली. फेलो, प्रोजेक्ट असिस्टंट, एमएस्सीची मुलं, कंत्राटी सफाईवाल्या ताई. कायम नोकरीतली नावं शेवटी आली, आणि ती एका हाताच्या बोटांवर मोजता आली.