वेस्ट ब्रॉमविचचे काळे

काही शब्द परदेशातून येतात आणि आमच्या गावात उतरले, की अंगापिंडाने भलतेच वाढतात. 'डीजे' हा त्यांतलाच एक. मूळ शब्द 'डिस्क जॉकी', म्हणजे तबकड्या वाजवणारा इसम. हाडामासाचा, दोन हातांचा, क्वचित लग्न झालेलाही. बाभुळगावात मात्र डीजे हा माणूस नव्हे. ते वाहन आहे. एक ट्रक, त्यावर भिंतीसारखे रचलेले स्पीकर, मागे जनरेटर, आणि त्या भिंतीच्या आड कुठेतरी खर्रा चघळत बसलेला एक पोरगा. लग्नसराईत यवतमाळ-धामणगाव रस्त्यावर वरात लागली, की नवरदेव दिसायच्या आधी डीजे कळतो. 'ऐकू येतो' असे मी मुद्दामच म्हणत नाही. तो छातीत कळतो.

सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल एवढीच मुभा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. आमच्या फळीवरच्या स्टीलच्या डब्यांनी हे नियम वाचलेले नसल्यामुळे ते रात्री साडेदहालाही नाचतात.

अशा गावात राहून मी एका डीजेवर लेख लिहितो आहे, ही बातमी चहाच्या टपरीवर पोचायला अर्धा कप चहासुद्धा लागला नाही.

"कोनाचा डीजे जी, गुरुजी?"

"काळ्यांचा."

"बॉक्स किती हायेत त्याच्याजवळ?"

"एकही नाही. तो तबला वाजवतो."

"मंग कायचा डीजे बापा!" असे म्हणून विचारणाऱ्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, तिच्यात माझ्या निवृत्तिवेतनाबद्दलही थोडी काळजी होती.

तर हे काळे कोण? आपल्याकडे काळे म्हटले, की पहिला प्रश्न 'कुठले काळे?' हाच असतो. त्या एका प्रश्नात गाव, कूळ आणि इतर जे काही उघड विचारता येत नाही ते सगळे विचारून होते. याचे उत्तर देताना मला फार आनंद होतो: वेस्ट ब्रॉमविचचे काळे. यापुढे विचारणाऱ्याची गाडी जातच नाही. नाव कर्ष. पाळण्यातले नाव उत्कर्ष, पण परदेशी जिभांवरून जाता जाता त्यातला 'उत्' कुठेतरी गळून पडला. जन्म 1974 चा, इंग्लंडातल्या वेस्ट ब्रॉमविचचा; तीन वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत, न्यू यॉर्कच्या बाजूला गेले. तिथे हा पोरगा ड्रमही वाजवू लागला आणि तबलाही. पुढे त्याने तबल्याचा आवाज विजेच्या यंत्रांतून फिरवून त्याला लांबवणे, घुमवणे, चिरणे सुरू केले, आणि न्यू यॉर्कच्या क्लबांत तबकड्यांच्या शेजारी तबला मांडून बसला.

त्या काळी लंडनमध्येही हाच उद्योग चालू होता. तलविन सिंग नावाच्या तबलजीने 1997 साली 'अनोखा' हे संकलन काढले आणि 'ओके' या ध्वनिमुद्रिकेसाठी 1999 चे मर्क्युरी पारितोषिक मिळवले. 2000 साली बिल लास्वेल या अमेरिकन बासवादकाने आणि उस्ताद झाकीर हुसेन यांनी 'तबला बीट सायन्स' हा मेळा जमवला, त्यात तलविन सिंगही होता आणि हे आपले काळेही. झाकीरभाईंच्या शेजारी तबला घेऊन बसायचे म्हणजे तेंडुलकरांच्या घरी गल्लीतली बॅट घेऊन जाण्यासारखे. पण हा गेला, आणि बसला.

आता आमच्यातला जो शुद्धतावादी वाचक आहे (प्रत्येक मराठी घरात एक असतो, बहुधा तो आरामखुर्चीत असतो), तो म्हणेल, की ही सगळी भेसळ आहे. तबला तो तबला, आणि यंत्र ते यंत्र. त्यांना मी नम्रपणे एवढेच विचारतो, की आपल्या नाट्यसंगीताला साथ करणारी ती पेटी कुठली? पॅरिसची. अलेक्झांद्र दबँ याने 1842 मध्ये तिचा हक्क नोंदवला. ती इथे येऊन जमिनीवर मांडी घालून बसली आणि अस्सल झाली. ती परकी आहे हे फक्त आकाशवाणीच्याच लक्षात राहिले. तिने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दाराबाहेर उभे केले होते. तेवढ्या काळात कीर्तनाला, भजनाला आणि मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाला पेटीवाचून कुणाचेच पान हलले नाही.

आणि आम्हा वऱ्हाडकरांनी तर भेसळीविरुद्ध बोलूच नये. केशवराव भोळे अमरावतीचे. 'प्रभात'च्या 1937 च्या 'कुंकू'चे संगीत त्यांचे, आणि त्या चित्रपटात शांता आपटे चक्क लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गातात. अमेरिकेतला काळे भारतीय रागाला इंग्रजी कपडे घालतो तेव्हा आपण कपाळाला हात लावतो. अमरावतीच्या भोळ्यांनी साठेक वर्षे आधी त्याच्या उलटे करून ठेवले होते.

तेव्हा भेसळ आहे की नाही हा प्रश्न सोडून देऊ. दुधात पाणी घालणे ही भेसळ, आणि दुधात साखर घालणे हीही खरे तर भेसळच. पण दुसरीबद्दल कुणी गवळ्याला मारायला जात नाही. काय मिसळले आणि किती, एवढेच समीक्षकाने पाहावे.

काळ्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका 'रिअलाइझ', 2001 ची. माझ्या न्यू जर्सीतल्या पुतण्याने ती मोबाईलवर पाठवली, सोबत 'काका, आवाज मोठा करून ऐका' अशी सूचना. आवाज मोठा करण्याची हौस गावाने परस्पर भागवलेली असल्यामुळे मी ती लहान आवाजात ऐकली, आणि ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. वरातीतल्या डीजेचा ठेका म्हणजे धप-धप-धप-धप. चारही ठोके सारखेच वजनदार. जणू प्रत्येक मात्रा ही समच. आपल्या तीनतालात सोळा मात्रा असतात, पण नवव्या मात्रेवर खाली येते. हात टाळी न देता बाजूला जातो, डग्ग्याचा घुमार जरा वेळ गप्प होतो, आणि त्या गप्प होण्यामुळेच पुढे समेवर येण्याची ओढ लागते. वरातीच्या ठेक्यात खालीच नाही. सगळीकडे समच सम असली, की गाठायचे काही उरत नाही. माणसे नाचतात खरी, पण कुठे पोचत नाहीत. (वरात पोचते. तीन तास उशिरा.)

काळ्यांच्या चांगल्या रचनांत ही खाली शिल्लक आहे. लंडनमध्ये नव्वदीच्या दशकात 'ड्रम-अँड-बेस' नावाचा प्रकार निघाला. त्यात मिनिटाला 170 च्या आसपास ठोके, पण खालचा बास निम्म्या गतीने चालतो. म्हणजे आपल्या भाषेत दुगुन आणि ठाय एकाच वेळी ऐकू येतात. तबलजीला यात नवे ते काय? त्याचे बालपण त्यातच गेलेले असते. 'रिअलाइझ'मध्ये तबला या दोन गतींच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरतो, तिथे यंत्र त्याला रस्ता देते. कोण कुणाची साथ करतो आहे ते सांगता येत नाही. मिसळण जमल्याची माझ्या मते एवढीच खूण आहे.

जिथे जमत नाही तिथेही बोलले पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न राहता आहेराची यादी होईल. कित्येकदा ठेका आधी ठरलेला असतो आणि मग त्यावर चिमूटभर बासरी, चिमूटभर आलाप भुरभुरला जातो, पोह्यांवर कोथिंबीर टाकतात तसा. कोथिंबिरीने पोहे देखणे होतात. त्यांची चव बदलत नाही. 2003 च्या 'लिबरेशन'मध्ये मद्रास चेंबर ऑर्केस्ट्राची व्हायोलिने आली. ती गोड आहेत, पण काही जागी इतकी भरून येतात, की बिचाऱ्या डग्ग्याला बसायला पाट मिळत नाही. 2007 साली अनुष्का शंकरबरोबर केलेल्या 'ब्रीदिंग अंडर वॉटर'मध्ये पाहुणे कोण, तर रविशंकर, नोरा जोन्स आणि स्टिंग. घरच्या कार्यात एवढे मातब्बर पाहुणे आले, की यजमान पाण्याचे ग्लास देत फिरतो आणि त्याचे स्वतःचे जेवण राहून जाते. तसे थोडे झाले आहे.

मला सर्वांत जवळचे वाटते ते 2006 च्या ध्वनिमुद्रिकेचे नाव: 'ब्रोकन इंग्लिश'. मोडके इंग्रजी! हा विषय आमच्या तालुक्याचा आहे. मी तीस वर्षे तो मुलांना शिकवला आणि मुलांनीही मला शिकवला. पण न्यू यॉर्कमध्ये वाढलेल्या, इंग्रजीतच स्वप्ने पडत असतील अशा माणसाला हे नाव का सुचावे? त्यात गाणी जास्त आणि तबला बेताचा, त्यामुळे मला ती ध्वनिमुद्रिका पहिलीइतकी आवडत नाही. मात्र नाव कळते. पुतण्याचा मुलगा मला फोनवर 'आजोबा, तुम्ही कशी आहे?' असे विचारतो, तेव्हा माझ्या सौभाग्यवती व्याकरण सुधारायला निघतात आणि मी त्यांना थांबवतो. मोडके का होईना, पण तो आमच्याकडे येण्यासाठीच बोलत असतो. ज्याचे काहीच मोडलेले नाही तो बहुधा घराबाहेर पडलेलाच नसतो.

काळे पुढे मुंबईच्या चित्रपटांकडेही आले. 2019 च्या 'गली बॉय'चे पार्श्वसंगीत त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. म्हणजे धारावीच्या बोळांना पार्श्वसंगीत लावायला माणूस वेस्ट ब्रॉमविचहून आला. तो व्हाया न्यू यॉर्क आला म्हणून त्याची लवकर दखल घेतली गेली, हेही खरे. मुंबईत राहणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्येच भैरव, तोडी, मालकंस असे दहा राग यंत्राच्या ठेक्यावर बसवून एचएमव्हीतर्फे तबकडी काढली होती. कुणी ढुंकून पाहिले नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि जाणकार म्हणाले, अरे, शिकागोत 1987 साली 'अ‍ॅसिड हाऊस' म्हणून जे गाजले ते या गृहस्थांनी पाच वर्षे आधीच केले होते की! 2015 साली ते वारले. शेवटची पाच वर्षे तरी त्यांना टाळ्या ऐकू आल्या, हे आपल्याकडच्या रिवाजाच्या मानाने लवकरच म्हणायचे.

उशिराच्या टाळ्या तरी सगळ्यांना कुठे मिळतात? आमच्या गावात सनई-डफडेवाल्यांची मंडळी होती. हळदीपासून वरातीपर्यंत तेच वाजवत. स्पीकरची भिंत आली आणि त्यांच्या सुपाऱ्या गेल्या. यात विजेचा दोष आहे असे मी पूर्वी ऐकत आलो. काळ्यांना ऐकल्यापासून ते मला पटत नाही. वीज वाद्याला मारत नाही. वाद्य वाजवणाऱ्याला ट्रकवर जागा न देणारा माणूस मारतो.

त्या मंडळींतला एक म्हातारा डफडेवाला अजून आहे. गेल्या आठवड्यात मी त्याच्या कानांत इअरफोन घातले आणि 'रिअलाइझ' लावले. सुरुवातीला तो दचकला. मग डोळे मिटले. मग गुडघ्यावर बोटे चालू लागली, आधी ठोक्यावर, आणि थोड्या वेळाने ठोक्यांच्या मधल्या जागी. गाणे संपल्यावर त्याने इअरफोन काढून धोतराला पुसले आणि मला परत दिले.

"चांगलं वाजवते जी पोरगं. कोनाचं हाये?"

"काळ्यांचं."

त्याने 'कुठले काळे' असे विचारले नाही. "जागा सोडते," तो म्हणाला. "याच्यात माहं डफडं बसते."