किती नामदेव?

एका ग्रंथालयात नामदेव व्हटकरांचं ‘कथा माझ्या जन्माची’ मागितलं. टेबलामागच्या माणसानं ‘गोलपिठा’ पुढं सरकवला. वर म्हणतो कसा, ‘दलित नामदेव ना? हेच की ते!’

हसू नका. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. आपल्या मराठी समीक्षेनंच त्याला तसं शिकवलंय.

आता हीच समीक्षा संतांच्या दारात कशी वागते बघा. संत नामदेव १२७० ते १३५० चे. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा दुसरा कवी झाला. त्यानं महाभारत मराठीत आणलं. दोघांची मुद्रा ‘नामा’. याचे अभंग त्याच्या गाथेत घुसले. मग पंडितांनी पोथ्या उलगडल्या, भाषा तपासली, काळ तपासला. हा नामा वेगळा, तो नामा वेगळा. पिढ्यान् पिढ्या हे काम चाललं. चांगलंच केलं. आमची तक्रार नाही.

तक्रार एवढीच, की एवढे कष्ट आमच्या वाट्याला का नाहीत?

‘रानातल्या कविता’ लिहिणारे महानोरही नामदेवच. नामदेव धोंडो. त्यांचं झालं ना. धों. त्यांचं पुस्तक मागितलं तर कुणी ढसाळांचं देत नाही. घोटाळा होतो तो फक्त आमच्या नामदेवांचा. कारण तिथं ‘दलित’ हा शब्द लागला की माणूस बघायची गरज संपते.

तर माणसं बघू. व्हटकरांनी ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांची अंत्ययात्रा कॅमेऱ्यात धरली. आज ती गर्दी आपल्याला पडद्यावर दिसते ती त्यांच्यामुळं. ढसाळांनी १९७२ ला ‘गोलपिठा’ दिला आणि मुंबईच्या त्या वस्तीची बोली कवितेत अशी आणली की सदाशिवपेठी कानाला दडे बसले. त्याच साली पँथर उभी राहिली, तिच्यातही ते होते. नामदेव कांबळे वाशीमकडचे. त्यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वऱ्हाडातलं मातंग जगणं कादंबरीच्या सावकाश चालीनं येतं. एकाचा कॅमेरा, एकाची कविता, एकाची कादंबरी. नावाशिवाय यांच्यात सारखं काय? जे सारखं असेल ते वाचून सांगा, बघून सांगू नका.

दुसरी एक खोड आहे. नाव जुळलं की वंशावळ जोडायची. म्हणे संत नामदेवापासून ढसाळांपर्यंत एकच धारा! अहो, व्हटकरांचं नाव ठेवलं तेव्हा पंढरपूरच्या देवळाचं दार आपल्याला बंद होतं. ते उघडलं १९४७ ला, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. नाव घरात आलं, माणूस मात्र उंबऱ्याबाहेर. ही धारा सांगताना तो उंबराही सांगा.

शेवटी संत नामदेवाचीच एक गोष्ट. १३३८ ला मंगळवेढ्यात वेशीची भिंत कोसळली. चोखोबा आणि कामावरची माणसं तिच्याखाली गेली. परंपरा सांगते, नामदेव तिथं गेले. ज्या हाडांतून ‘विठ्ठल विठ्ठल’ ऐकू आलं ती चोख्याची, असं ओळखून त्यांनी ती पंढरपूरला आणली. महाद्वारासमोर समाधी झाली.

नामदेव गेले, त्यांनी शोधलं, याचा मान आहेच. पण गोष्ट नीट ऐका. चोख्याची हाडंसुद्धा दुसऱ्याच्या नावानं ओळखली गेली. आणि त्याच्याबरोबर चिरडले ते? त्यांच्यातल्या एकाचंही नाव या गोष्टीत नाही.

म्हणून मित्रांनो, कार्यकर्त्यांनो, आपल्या ग्रंथालयांच्या याद्या आधी आपणच नीट करू. आडनाव लिहा, साल लिहा, पुस्तक उघडून वाचा. ढिगाऱ्यातून एकेकाला त्याच्याच नावानं बाहेर काढायचंय.